एका क्रीडाशिक्षकाची सत्तावीस वर्षे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीला आम्ही अमेरिकेतील एका बास्केटबॉल शिक्षकाचे चरित्र घेऊन उभे राहावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. आम्ही काही विद्वान नव्हे. बी. ए. झाल्यावर केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि आजवरचे आयुष्य फायलींवर टिपणे लिहिण्यात आणि बदलीच्या हुकुमांमागून बिऱ्हाड हलविण्यात गेले. परंतु निवृत्तीचे वर्ष दृष्टिपथात आले, की माणूस आपल्या सेवेचा हिशोब मांडू लागतो. दीर्घ सेवा म्हणजे नेमके काय, यश कशाला म्हणावे आणि ते मोजावयाचे कोणत्या मापाने, हे प्रश्न मनात घोळत असता ज्या एका माणसाच्या जीवनक्रमाने आम्हांस विचार करावयास लावले, त्याची ओळख आपणांस करून द्यावी एवढाच आमचा हेतू आहे. त्याचे नाव जॉन वुडन.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून हा खेळ शोधून काढला. पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकावयाचा, असा तो साधा प्रकार होता. टोपल्यांना बूड असल्यामुळे चेंडू पडला की कोणीतरी वर चढून तो काढावा लागे. पुढे टोपली गेली, लोखंडी कडे आले. दहा फुटांची उंची मात्र आजही कायम आहे. आपल्या देशात याच संस्थेच्या मंडळींनी हा खेळ रुजविला. मद्रासचे शारीरिक शिक्षणाचे प्रसिद्ध महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी १९२० साली स्थापन केले. अमेरिकेत हा खेळ महाविद्यालयांच्या प्रतिष्ठेशी जोडला गेला. तेथे महाविद्यालयीन संघाचा शिक्षक हा आपल्याकडील तालमीच्या वस्तादासारखा असतो. फरक इतकाच, की त्याच्या तालमीकडे साऱ्या राष्ट्राचे डोळे लागलेले असतात आणि दोन वर्षे अपयश आले की त्याची गच्छंती ठरलेली असते.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यातील हॉल या खेड्यात झाला. बालपण शेतावरील घरात गेले. घरात वीज नव्हती. वडील जोशुआ वुडन हे वृत्तीने धार्मिक आणि वाचनाचे व्यसनी. दिव्याच्या उजेडात ते मुलांना बायबल आणि कविता वाचून दाखवीत. पुढे डुकरांना टोचलेली लस दूषित निघाली, जनावरे मेली, कर्ज अंगावर आले आणि शेत हातचे गेले. या आपत्तीबद्दल वडिलांच्या तोंडून कोणालाही दोष दिलेला आपण कधी ऐकला नाही, असे वुडन पुढे आयुष्यभर सांगत. प्राथमिक शाळा संपली तेव्हा वडिलांनी मुलाच्या हाती एक लहानसे कार्ड दिले. त्यावर सात सूत्रे लिहिलेली होती. स्वतःशी प्रामाणिक राहावे, इतरांच्या उपयोगी पडावे, प्रत्येक दिवस आपल्या हातून उत्तम घडवावा, चांगले ग्रंथ मनापासून वाचावेत, मैत्री जोपासावी, पडत्या काळाची तरतूद ठेवावी आणि रोज ईश्वराचे आभार मानून त्याच्याकडे मार्गदर्शन मागावे, असा त्यांचा आशय. समर्थांचे मनाचे श्लोक ज्यांच्या घरी संध्याकाळी म्हटले जात, त्यांना हे वातावरण परके वाटू नये.

मार्टिन्सव्हिल येथील शाळेच्या संघातून वुडन यांनी १९२७ साली राज्याचे अजिंक्यपद मिळविले. नंतर पर्ड्यू विद्यापीठात वॉर्ड लॅम्बर्ट या शिक्षकाच्या हाताखाली ते लागोपाठ तीन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडूंत गणले गेले. १९३२ साली त्यांनी पदवी घेतली ती इंग्रजी वाङ्मयाची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेल रायली या शाळेपासूनच्या मैत्रिणीशी त्यांचा विवाह झाला. लग्नासाठी साठविलेले नऊशेनऊ डॉलर ज्या बँकेत होते, ती बँक लग्नाच्या तोंडावर बुडाली. मंदीचे दिवस होते ते. नवऱ्यामुलाने उसने पैसे घेऊन लग्न पार पाडले आणि केंटकी राज्यातील डेटन गावच्या शाळेत इंग्रजी शिकविण्याची आणि मुलांना खेळ शिकविण्याची नोकरी धरली. पहिल्या हंगामात त्यांच्या संघाने सतरा सामने खेळले, त्यांतील अकरा गमावले. चाळीस वर्षांच्या पुढील कारकीर्दीत पराभव विजयांहून अधिक झाले, असा हा एकच हंगाम.

या शाळेतील एक अनुभव आज येथे बसलेल्या आईबापांनी विशेष ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे. वुडन यांच्या लक्षात आले, की ज्या मुलाने आपल्या कुवतीप्रमाणे जिवापाड मेहनत केली आणि मधला दर्जा मिळविला, त्याच्या आईबापांनाही तो नापास झाल्यासारखे वाटते. मुलगा आणि शिक्षक दोघेही कमी पडले, असा त्यांचा सूर असतो. शेजाऱ्याच्या मुलाला तोच दर्जा मिळाला तर तो मात्र त्यांना पुरेसा वाटतो! या अन्यायाने तो तरुण शिक्षक अस्वस्थ झाला. त्याने १९३४ साली यशाची स्वतःपुरती व्याख्या तयार केली. तिचा भावार्थ असा, की आपल्याला जेवढे होणे शक्य होते तेवढे होण्यासाठी आपण सर्व शक्ती वेचली, ही खात्री असल्यावर मनाला जे स्वास्थ्य लाभते, त्याचेच नाव यश. दुसऱ्यापेक्षा वरचढ होण्याची धडपड करू नये, पण स्वतःच्या सर्वोत्तमापर्यंत पोहोचण्याची धडपड कधी सोडू नये, ही वडिलांची शिकवणच त्यामागे होती. या व्याख्येला आधार म्हणून त्यांनी परिश्रम, उत्साह, मैत्री, निष्ठा, आत्मसंयम, तयारी, कौशल्य अशा पंधरा गुणांचा एक मनोरा रचला. १९४८ सालापर्यंत म्हणजे चौदा वर्षे ते त्याच्या चिरा इकडून तिकडे हलवीत होते. परिश्रम आणि उत्साह या पायाच्या दोन कोनशिला मात्र त्यांनी कधी हलविल्या नाहीत.

डेटननंतर इंडियानातील साउथ बेंड येथील शाळा, मग महायुद्धात नौदलाची सेवा आणि १९४६ साली टेर हॉट येथील इंडियाना राज्य अध्यापक महाविद्यालय, असा त्यांचा प्रवास झाला. येथे एक प्रसंग घडला. १९४७ साली त्यांच्या संघाला कॅन्सस सिटी येथील लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि त्या स्पर्धेत कृष्णवर्णीयांना बंदी होती. वॉकर हा काही संघाचा आधारस्तंभ नव्हता. राखीव खेळाडूंतला एक. त्याला घरी ठेवून जाता आले असते, आणि नव्या शिक्षकाला राष्ट्रीय स्पर्धेची संधी किती मोलाची असते हे सांगावयास नको. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी पुन्हा निमंत्रण आले. या वेळी ती बंदी उठविण्यात आली होती. वॉकर खेळला आणि हंगामोत्तर महाविद्यालयीन स्पर्धेत उतरणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. संघ अंतिम सामन्यात हरला. परंतु त्या पराभवाची आठवण आज कोणाला आहे? आठवण राहिली ती वॉकरची.

१९४८ सालच्या वसंतात वुडन यांना दोन मोठी निमंत्रणे आली. एक मिनेसोटा विद्यापीठाचे, दुसरे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलीस येथील शाखेचे, जिला सर्वजण यू. सी. एल. ए. म्हणतात. त्यांच्या मनात मिनेसोटाला जावयाचे होते, कारण तो आपला मध्य-पश्चिमेचा मुलूख. मिनेसोटाने ठरलेल्या वेळी दूरध्वनी करावयाचा होता. पण हिमवादळाने तारा निकामी झाल्या आणि तो आला नाही. त्यामागून लॉस एंजलीसचा दूरध्वनी आला आणि त्यांनी होकार दिला. थोड्या वेळाने मिनेसोटाचा आवाज ऐकू आला, तेव्हा शब्द दिला गेला होता. तो त्यांनी फिरविला नाही. दोन वर्षांनंतर पर्ड्यूने, म्हणजे त्यांच्या मातृसंस्थेनेच, पुष्कळ चांगल्या अटींवर बोलावले. कॅलिफोर्नियात मन रमत नव्हते. परंतु तीन वर्षांचा करार व्हावा असा आग्रह आपणच धरला होता, याची अधिकाऱ्यांनी आठवण करून देताच ते थांबले आणि मग कायमचेच थांबले. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीत हयात गेलेल्या माणसाला यात मोठी गंमत वाटते. ज्या ठिकाणी मनाविरुद्ध गेलो, तीच कर्मभूमी ठरावी, हा अनुभव या सभागृहात आम्हां एकट्याचाच नसेल.

त्या कर्मभूमीची स्थिती ऐका. वार्षिक वेतन सहा हजार डॉलर. सुरुवातीच्या वर्षांत घर चालविण्यासाठी ते सकाळी एका दुग्धालयात गाड्या रवाना करण्याचे काम करीत आणि दुपारी संघाच्या सरावाला येत. सराव तिसऱ्या मजल्यावरील जुन्या व्यायामशाळेत होई. एकाच दालनात एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला कसरती आणि मधे हे बास्केटबॉलवाले. धुळीने पाय घसरत. म्हणून सरावापूर्वी शिक्षक स्वतः विद्यार्थी व्यवस्थापकांबरोबर झाडू आणि ओले फडके घेऊन जमीन पुसीत. पुढे अग्निशमन खात्याने तेथे प्रेक्षक जमविण्यास मनाई केली, तेव्हा 'घरचे' सामनेसुद्धा परगावच्या आणि परक्या मैदानांवर होऊ लागले. ही व्यायामशाळा त्यांनी सतरा हंगाम वापरली. पहिल्याच वर्षी, ज्या संघाला सारे तळाचा समजत होते, त्याने बावीस सामने जिंकून सात गमावले; परंतु राष्ट्रीय अजिंक्यपद दूरच राहिले. राष्ट्रीय स्पर्धेत १९५०, १९५२ आणि १९५६ अशा तिन्ही वेळा पहिलाच सामना हरून संघ परतला. १९५९-६० च्या हंगामात चौदा विजय आणि बारा पराभव अशी ओढग्रस्त झाली. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत संघ प्रथम पोहोचला तो १९६२ साली, आणि पहिले अजिंक्यपद मिळाले १९६४ साली. म्हणजे सोळावा हंगाम! तोवर वुडन त्रेपन्न वर्षांचे झाले होते. त्यांचा पहिला गोपनीय अहवाल जर केवळ अजिंक्यपदांवर लिहिला गेला असता, तर त्यावर काय शेरा पडला असता याची कल्पना आम्ही अनुभवाने करू शकतो.

१९६४ च्या त्या संघाच्या मुख्य पाच खेळाडूंत साडेसहा फुटांचा एकही नव्हता. बास्केटबॉलमध्ये ही खुजी मंडळीच म्हणावयाची. अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठाच्या संघात सहा फूट दहा इंचांचे दोघे होते. या खुज्यांनी तीस सामने खेळून तीसही जिंकले. त्याचे रहस्य होते एका बचावपद्धतीत. नियमाप्रमाणे चेंडू हाती आलेल्या संघाने तो दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागे. साधारणतः प्रतिपक्ष आपल्या टोपलीपाशी जाऊन वाट पाहत उभा राहतो. वुडन यांचे पाच गडी मात्र समोरच्याच्या अर्ध्या भागात वाटून उभे राहत आणि चेंडू आत आल्याक्षणी त्याच्या वाटा अडवीत. हेतू चेंडू हिसकावण्याचा नसे. समोरच्याला घाई करावयास लावण्याचा असे. घाई झाली की चूक होते. हा डाव कायमचा वापरावा, असा आग्रह जेरी नॉर्मन या त्यांच्या साहाय्यकाने धरला होता आणि श्रेय त्याला देण्यास वुडन कधी चुकले नाहीत. हाताखालच्या माणसाची टिपणी वाचून ती मान्य करणे आणि वर त्याचे नाव सांगणे, हा गुण वरिष्ठांत किती दुर्मीळ आहे!

यानंतरचा इतिहास आकड्यांत सांगितला तरी पुरे. १९६४ आणि १९६५, मग १९६७ पासून १९७३ पर्यंत सलग सात आणि शेवटी १९७५, अशी बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे. पुरुषांच्या महाविद्यालयीन स्पर्धेत त्यांच्यामागून आलेले ड्यूकचे माइक क्रिझेव्स्की २०२२ साली निवृत्त झाले, ते पाच अजिंक्यपदांवर. चार हंगाम एकही पराभव न होता गेले. जानेवारी १९७१ ते जानेवारी १९७४ या काळात लागोपाठ अठ्ठ्याऐंशी सामने जिंकले. ही मालिका १९ जानेवारी १९७४ रोजी साउथ बेंड येथे नोत्र दाम विद्यापीठाने एका गुणाने, ७१-७० अशी तोडली. ज्या गावात एके काळी ते शाळामास्तर होते, त्याच गावात हे घडले. यू. सी. एल. ए. मधील सत्तावीस वर्षांत ६२० विजय आणि १४७ पराभव. आणि एवढे होऊनही त्यांचे वार्षिक वेतन पस्तीस हजार डॉलरच्या वर कधी गेले नाही.

आता खरी शिकवण कशी होती ते पाहू. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या दिवशी देशभरातून निवडून आलेले हे तगडे तरुण गुरुजींच्या तोंडून काहीतरी गूढ ऐकावयास मिळेल म्हणून कान टवकारून बसत, आणि गुरुजी त्यांना मोजे कसे घालावेत हे शिकवीत! टाचेवर आणि करंगळीपाशी मोज्याला घडी राहता कामा नये, बुटाची लेस प्रत्येक भोकापाशी आवळून घ्यावी. कारण घडीने फोड येतो, फोडाने पाय अडखळतो आणि अडखळलेल्या पायाने सामना हातचा जातो. सात फूट उंचीचा लू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला, तोही या वर्गातून सुटला नाही.

सराव दोन तासांचा. पण त्याची आखणी करण्यास गुरुजी आणि त्यांचे साहाय्यक जवळजवळ तेवढाच वेळ घेत. कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत काय, हे लहानशा कार्डांवर लिहून ते खिशात ठेवीत आणि जुनी कार्डे जपून ठेवीत. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी पंधरा सराव पाहून गुरुजींच्या २,३२६ शैक्षणिक कृतींची नोंद केली. निष्कर्ष मोठा उद्बोधक होता. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कृती म्हणजे निव्वळ माहिती: हे असे कर, असे करू नकोस, आता हे करून दाखवतो. स्तुती आणि नापसंती ही दोन्ही मिळून शंभरात साडेतेरा! ना भाषणबाजी, ना आरडाओरड, ना पाठ थोपटणे. योग्य रीत, चुकीची रीत आणि पुन्हा योग्य रीत, अशी तीन वाक्यांची शिकवणी. आमच्या गावच्या तालमीत वस्ताद बोटानेच पवित्रा दुरुस्त करीत आणि पुढे जात, त्याची येथे आठवण होते. अपशब्द उच्चारणारा खेळाडू त्या दिवशीच्या सरावातून बाहेर. टोपलीत चेंडू टाकणाऱ्याने ज्याने तो आणून दिला त्याच्याकडे बोट दाखवून कृतज्ञता व्यक्त करावयाची. कपडे बदलण्याची खोली निघताना स्वच्छ करून ठेवावयाची. आणि सर्वांत नवलाची गोष्ट अशी, की 'जिंकणे' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकला नाही, असे त्यांचे शिष्य एकमुखाने सांगत आले.

शिस्तीची एक कथा प्रसिद्ध आहे. बिल वॉल्टन हा त्या काळचा देशातील सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडू. एकदा तो वाढलेल्या केसांनिशी सरावाला आला आणि केस किती वाढवावेत हे सांगण्याचा आपणांस अधिकार नाही, असे गुरुजींना म्हणाला. गुरुजींनी ते शांतपणे मान्य केले. तो अधिकार आपल्याला नाही; मात्र संघात कोणी खेळावे हे ठरविण्याचा आहे, आणि तुझी उणीव आम्हांला भासेल, एवढेच ते बोलले. वॉल्टनने सायकल काढली आणि न्हाव्याचे दुकान गाठले. हाच वॉल्टन पुढे तीसहून अधिक वर्षे गुरुजींना नेमाने दूरध्वनी करीत राहिला.

बंधुभगिनींनो, चरित्र सांगताना आरती ओवाळावयाची नसते. म्हणून दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. हातातील कागदाची सुरळी तोंडाशी धरून हा सौम्य गृहस्थ पंचांना आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूंना टोचून बोलत असे. १९७० साली वार्षिक भोजनसमारंभात एका राखीव खेळाडूने उभे राहून, मुख्य खेळाडूंना एक न्याय आणि आम्हांला दुसरा, असा जाहीर आरोप केला आणि त्याच्या सोबत्यांनी टाळ्या वाजविल्या. याहून गंभीर गोष्ट सॅम गिल्बर्ट या धनिकाची. हा संघाचा चाहता खेळाडूंना नियमबाह्य मदत करीत असे. वुडन निवृत्त झाल्यानंतर १९८१ साली महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने विद्यापीठाला दंड केला, त्यात गिल्बर्टच्या उपद्व्यापांचा भाग होता. वुडन यांनी स्वतः काही गैर केल्याचे कोणी दाखविलेले नाही. गिल्बर्ट आपल्याला पसंत नव्हता, असे ते सांगत. परंतु खेळाडूंच्या मोज्याची घडी ज्याच्या नजरेतून सुटली नाही, त्याला एवढा मोठा माणूस दिसला नाही काय, की त्याने अधिक विचारपूस करावयाचे टाळले, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते हा प्रश्न झाकू नये. सचोटीने वागणाऱ्या अधिकाऱ्याच्या खात्यातही शेजारच्या खोलीत काय चालले आहे, हे विचारण्याचे कर्तव्य त्याच्याकडे उरते. स्वतःचे हात स्वच्छ असणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

१९७५ च्या मार्चमध्ये उपान्त्य सामन्यात लुईव्हिल संघावर जादा वेळेत एका गुणाने विजय मिळाला. लुईव्हिलचा शिक्षक डेनी क्रम हा वुडन यांचाच शिष्य आणि माजी साहाय्यक. त्या सामन्यानंतर खेळाडूंच्या खोलीत जाऊन त्यांनी शांतपणे सांगितले, की पुढचा सामना आपला अखेरचा. ३१ मार्च १९७५ रोजी सॅन दिएगो येथे केंटकी विद्यापीठाला ९२-८५ असे हरवून त्यांनी दहावे अजिंक्यपद मिळविले आणि चौसष्टाव्या वर्षी सेवानिवृत्ती पत्करली.

त्यांच्यामागून काय झाले तेही पाहिले पाहिजे. कारण संस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना खरा धडा तेथे आहे. पुढील तेरा वर्षांत त्या जागेवर पाच शिक्षक आले आणि गेले. पहिले जीन बार्टो यांनी दोन वर्षांत बावन्न सामने जिंकले आणि अवघे नऊ गमावले, तरी लोकांची तुलना थांबेना. ते कंटाळून निघून गेले. १९६४ च्या विजयी संघाचा कर्णधार वॉल्ट हॅझर्ड यालाही चार वर्षांत पायउतार व्हावे लागले. पुढचे अजिंक्यपद उगवले ते वीस वर्षांनी, १९९५ साली. वुडन यांनी यश म्हणजे काय याची व्याख्या मुलांना शिकविली होती; ती गावाला शिकविता आली नाही. ज्याने आयुष्यभर निकालाकडे पाहू नका म्हटले, त्याच्याच निकालांनी त्याच्या वारसांचा बळी घेतला.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. ज्या संस्थापकांनी परक्या मुलखात पहिला गणपती बसविला, चार कपाटांचे ग्रंथालय उभे केले, त्यांच्या तसबिरींना आपण आज हार घातले. ते योग्यच झाले. परंतु आजच्या तरुण कार्यवाहाला उठल्याबसल्या 'अमक्यांच्या वेळी असे नव्हते' म्हणून हिणविणे, हे त्या हारांना शोभत नाही. सतरा वर्षे जमीन पुसल्यानंतर चकचकीत क्रीडागृह मिळते. नव्या माणसाला आपण जमीन पुसण्याइतका तरी अवधी द्यावा.

निवृत्तीनंतर वुडन पस्तीस वर्षे जगले. पत्नी नेल २१ मार्च १९८५ रोजी वारली. त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला ते तिला एक पत्र लिहीत आणि तिच्या उशीवर आधीच्या पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवीत. खेळाडू आणि शिक्षक अशा दोन्ही नात्यांनी बास्केटबॉलच्या सन्मानमंदिरात प्रवेश मिळविणारे ते पहिले. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना सर्वोच्च नागरी पदक अर्पण केले. त्याच वर्षी विद्यापीठाने क्रीडागृहातील मैदानाला त्यांचे नाव देण्याचे ठरविले, तेव्हा आपल्या नावाआधी पत्नीचे नाव असले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आज ते मैदान 'नेल आणि जॉन वुडन मैदान' म्हणून ओळखले जाते. ४ जून २०१० रोजी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शंभरी अवघ्या चार महिन्यांवर होती.

आपला शिकविण्याचा हंगाम कसा गेला असे कोणी विचारले, तर पुष्कळ वर्षांनी सांगता येईल, ही मुले पुढे कशी निघतात ते पाहू द्या, अशा आशयाचे उत्तर ते देत. आमच्या मते दीर्घ सेवेचे हेच एक खरे माप आहे. आम्ही ज्या खुर्च्यांवर बसलो त्या खुर्च्यांवर आज दुसरे बसले आहेत, आमच्या टिपण्या कोठल्या तरी अभिलेखकक्षात कसर खात आहेत. पण आमच्या हाताखाली शिकलेला एखादा कारकून आज अडलेल्या माणसाचा अर्ज दुसऱ्या दिवशीवर ढकलीत नसेल, तर तेवढा आमचा हंगाम जिंकला असे आम्ही समजू.

आणि एक विनंती. पुढील महिन्यात शाळांचे निकाल लागतील. येथून घरी गेल्यावर, किती टक्के मिळाले, असे मुलांना विचारण्यापूर्वी, जेवढे तुला करता येण्याजोगे होते तेवढे केलेस का, असे विचारून पाहा. उत्तर होय असेल, तर पेढे त्याच दिवशी वाटा. गुणपत्रिकेची वाट पाहू नका.